४० युनिट: एका नाइट ड्युटीचं प्रकरण

हे प्रकरण इन्चार्ज सिस्टरांच्या भावनिक कौशल्याच्या प्रशिक्षणासाठी रचलेलं आहे. रुग्णालय नागपुरातलं, खासगी, मध्यम आकाराचं. पण ते कुठल्याही एका पाटीचं नाही, आणि माणसंही कुणा एकावर बेतलेली नाहीत. म्हणून नावं न देता हुद्देच दिले आहेत. औषधाचा हिशेब मात्र खराखुरा आहे. तो आधी नीट समजून घ्यावा लागेल, कारण या प्रकरणात कोण कुणाशी कसं बोललं याचा रुग्णाच्या जिवाशी थेट संबंध आहे.

आपल्याकडे साध्या आणि मिश्र इन्सुलिनच्या व्हायल, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटल्या, बहुतेक करून १ मिलिलिटरला ४० युनिट या ताकदीच्या असतात. ग्लार्जिन, म्हणजे दिवसभर हळूहळू काम करणारं इन्सुलिन, बहुतेक वेळा १ मिलिलिटरला १०० युनिटचं येतं. दोन्हींची सिरिंज वेगळी: ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. लाल सिरिंजमध्ये १६ च्या रेघेपर्यंत औषध ओढलं की ०.४ मिलिलिटर भरतं. व्हायल ४० ची असेल तर ते १६ युनिट झाले. व्हायल १०० ची असेल तर तेवढ्याच औषधात ४० युनिट जातात, म्हणजे अडीचपट. सिरिंजवर दिसणारा आकडा दोन्ही वेळेला १६ च असतो. वाचायला चूक झालेली नसते, हिशेब चुकलेला नसतो, तरी डोस चुकलेला असतो.

काय घडलं

मे महिन्याचा तिसरा आठवडा. पारा ४५ च्या आसपास, उष्माघाताचे रुग्ण रोज एक-दोन येत होते. २४ खाटांच्या मेडिसिन वॉर्डात रात्रीला दोन स्टाफ. लग्नसराई आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या, त्यामुळे रोस्टर आधीच ताणलेलं. उमरेड तालुक्यातले सत्तरीचे एक शेतकरी आजोबा साखर आणि मूत्रपिंडाच्या जुन्या त्रासासाठी भरती होते. रात्री १० वाजता १६ युनिट ग्लार्जिन, अशी ऑर्डर.

संध्याकाळच्या ड्युटीवर वॉर्डातल्या सगळ्यांत जुन्या सिस्टर होत्या, नोकरीला वीस वर्षं झालेल्या. केशरी सिरिंज संपत आल्या होत्या. त्यांनी स्टोअरला मागणी लिहिली, आणि ट्रे रिकामा दिसू नये म्हणून त्याच खणात लाल सिरिंजचं पाकीट ठेवलं. ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या ड्युटीला वॉर्ड सोपवताना, त्यांनी हे तोंडी सांगितलंही. पण त्याच वेळी स्ट्रेचरवरून उष्माघाताचा रुग्ण आला, वॉर्डबॉय मामा बर्फासाठी धावले, आणि ओव्हर अर्धवट राहिला. रात्रीच्या दोघींपैकी मोठी त्या नव्या रुग्णाजवळ अडकली. धाकटी, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन नुकतंच वर्ष झालेली, बाकीच्या वॉर्डाची औषधं द्यायला लागली. ग्लार्जिन तिने लाल सिरिंजने दिलं.

पहाटे पावणेचारला आजोबा घामाने भिजलेले, नीट बोलत नाहीत असं मावशींनी पाहिलं. बोटातून रक्त घेतलं तर साखर ४८. आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) आले, २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिलिलिटर शिरेतून दिलं. आजोबा डोळे उघडून बोलू लागले, साखर १३२ वर आली. जेवण कमी गेलेलं, मूत्रपिंड कमजोर, त्यामुळे इन्सुलिन शरीरात रेंगाळलं असावं, असा आरएमओंचा कयास. कयास अगदी पटण्याजोगा होता. ‘सहाला पुन्हा शुगर बघा’ म्हणून ते निघाले.

डेक्स्ट्रोजची सुई टाकायला गेलेल्या त्या धाकट्या सिस्टरला रात्रीच्या ट्रेमध्ये लाल टोपण पडलेलं दिसलं.

तिच्याशिवाय हे कुणालाही कळलं नव्हतं. टोपण कचऱ्यात गेलं असतं तर पुढे कधी कळलंही नसतं. तिने इन्चार्ज सिस्टरना घरी फोन लावला. तेव्हा ४ वाजून १० मिनिटं झाली होती.

फोनवरचा पहिला मिनिट

“मॅडम, माझ्याकडून चूक झाली. ग्लार्जिन लाल सिरिंजने गेलं.”

“पेशंट आत्ता कसे आहेत?”

“बोलून राहिले. शुगर १३२.”

“किती युनिट गेले म्हणते तू?”

“४०.”

“आरएमओ सरांना सांगितलंस?”

इथे ती गप्प झाली. मग म्हणाली, “नाही. खूप भीती वाटून राहिली.”

“वाटणारच, बेटा. पण आत्ता जा आणि मला जे सांगितलंस तेच वाक्य त्यांना सांग. मी फोन चालू ठेवते.”

प्रशिक्षणात मी हा संवाद दोनदा वाचायला लावते. पहिल्या वाचनात बहुतेक इन्चार्जना त्यात दिसतो तो प्रेमळपणा. दुसऱ्या वाचनात क्रम दिसू लागतो. पहिला प्रश्न रुग्णाचा, दुसरा मात्रेचा, तिसरा कुणाला सांगितलं त्याचा. ‘असं कसं केलंस’ हा प्रश्न त्यात कुठेच नाही. तो पुढे यायचाच आहे, यायलाही हवा, पण पहाटे ४ वाजता त्या उत्तराचा रुग्णाला उपयोग शून्य. शिवाय तो प्रश्न कानावर पडला की समोरची मुलगी स्वतःचा बचाव शोधायला लागते, आणि आपल्याला हवी असलेली माहिती त्या बचावाआड जाते.

या इन्चार्जच्या मनात तो प्रश्न आला नव्हता असं समजू नका. झोपेतून उठवलेल्या बाईच्या मनात पहिल्यांदा रागच येईल: इतक्यांदा शिकवलं होतं ना! आणि पाठोपाठ स्वतःची भीती: आता मेट्रन (नर्सिंगच्या प्रमुख) मला विचारतील. स्वतःच्या भावनेची ओळख ही या कौशल्यातली पहिली पायरी म्हणतात, ती नेमकी इथे कामाला येते. राग येऊ नये अशी अपेक्षा कुणी करू नये. राग आलाय, आणि त्यातला निम्मा स्वतःच्या धास्तीतून आलाय, एवढं ओळखता आलं की तोंडातून निघणारा पहिला शब्द आपल्याला निवडता येतो. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची मांडणी केली, तेव्हा त्यांनी तिच्याकडे क्षमता म्हणून पाहिलं: भावना ओळखणं, आणि विचार व कृतीसाठी तिचा उपयोग करणं. गोड स्वभावाशी त्याचा फारसा संबंध नाही. स्वभावाने तापट असलेल्या कितीतरी सिस्टर हे उत्तम करतात.

“भीती वाटून राहिली” याला आलेलं “वाटणारच” हे उत्तरही पाहा. “घाबरू नकोस” म्हणणं सोपं होतं, पण घाबरलेल्या माणसाला त्याने काहीच मिळत नाही. उलट आपली भीतीही चुकीची आहे असा आणखी एक दोष अंगाला लागतो. इन्चार्जने भीती मान्य केली आणि लगेच हाताला काम दिलं. फोन चालू ठेवणं हे तर माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यांत शहाणपणाचं पाऊल. आरएमओसमोर ती मुलगी एकटी उभी राहिली नाही, आणि सांगायचं टाळूही शकली नाही.

माहिती पोचली म्हणून काय झालं

आरएमओंनी १० टक्के डेक्स्ट्रोजची ड्रिप लावली, दर तासाला साखर बघायला सांगितलं आणि आजोबांना आयसीयूत हलवलं. ड्रिप चालू असूनही साडेसहाला साखर ७४ वर उतरली. वेग वाढवला. दिवसभर, आणि पुढची रात्रभरही, साखरेने दोनदा खाली तोंड केलं.

आता हेच सगळं फोनशिवाय घडलं असतं तर काय, ते डोळ्यांसमोर आणा. ग्लार्जिनचा परिणाम साधारण २४ तास टिकतो. एक बाटली डेक्स्ट्रोजची साखर त्यापुढे तासा-दीड तासात संपते. रुग्ण सुधारला म्हणून सगळे निर्धास्त, ड्रिप नाही, पुढची तपासणी ६ वाजता. मूत्रपिंड कमजोर असल्यामुळे इन्सुलिनचा निचरा आणखी सावकाश. झोपलेला म्हातारा माणूस आणि बेशुद्ध पडत चाललेला म्हातारा माणूस पहाटेच्या अंधारात एकसारखेच दिसतात.

म्हणून मला या कौशल्याला ‘सॉफ्ट’ म्हणणं पटत नाही. त्या पहाटे ‘१६ नाही, ४० गेले’ ही माहिती हाच उपचाराचा गाभा होता, आणि ती एका वर्षभराच्या नोकरीतल्या मुलीच्या मनात बंद होती. ती बाहेर येईल की नाही, हे तिला आपल्या इन्चार्जविषयी काय वाटतं यावर ठरलं.

तिला सांगावंसं का वाटलं? या वॉर्डात दोनेक महिन्यांपूर्वी एकीने ओव्हरमध्ये उभं राहून सांगितलं होतं की अँटिबायोटिकचा दुपारचा डोस तिच्याकडून राहिला. इन्चार्ज म्हणाल्या होत्या, “बरं झालं सांगितलंस. लिहून ठेव, डॉक्टरांना विचारून पुढची वेळ ठरवू.” त्यानंतर तो विषय टोमण्यातही आला नाही. ही धाकटी तेव्हा मागे उभी राहून ऐकत होती.

एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या चालणाऱ्या वॉर्डांत चुका कमी सापडतील अशी तिची अपेक्षा होती; आकडे उलटे आले. चांगल्या वॉर्डांत नोंदवलेल्या चुका जास्त होत्या. तिथल्या नर्सेस जास्त चुकत नव्हत्या, त्या जास्त बोलत होत्या. आपल्याकडे अजून कितीतरी ठिकाणी इन्सिडेंट रजिस्टर कोरं असणं ही शाबासकीची गोष्ट मानतात. कोरं रजिस्टर दिसलं की मला तरी त्या वॉर्डाची काळजी वाटते.

सकाळ

इन्चार्ज पावणेसातलाच आल्या. आधी आयसीयूत आजोबांना पाहिलं, मग वॉर्डात. धाकटीला नर्सिंग स्टेशनवर काहीही न विचारता ट्रीटमेंट रूममध्ये नेलं, मावशींना चहा आणायला सांगितला, आणि चहा होईपर्यंत तिला आठवतंय तोवरच घटनाक्रम लिहायला बसवलं. सही तिची, वेळा तिच्या. हे फार महत्त्वाचं. दिलासा आणि नोंद ही दोन्ही कामं त्यांनी एकाच बैठकीत केली. ‘जाऊ दे, झालं ते झालं’ म्हणत नोंद पुढे ढकलली नाही.

आठच्या सुमारास कन्सल्टंट, म्हणजे आजोबांचे मुख्य डॉक्टर, आले. स्टेशनसमोर, नातेवाईक ये-जा करत असताना, त्यांचा आवाज चढला. “कुणी दिलं? कोण होती ड्युटीवर? इन्सुलिन देता येत नाही तर कशाला ठेवता अशा पोरी?”

डॉक्टरांच्या रागापुढे आपल्याकडच्या बऱ्याच सिस्टर मान खाली घालतात, काही थोड्या तेवढ्याच आवाजात उत्तर देतात. या इन्चार्ज त्यांच्या आणि त्या मुलीच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाल्या, “सर, ड्युटीची जबाबदारी माझी. आधी पेशंट बघू, मुलगा बाहेर आहे, त्याला काय सांगायचं ते तुमच्याकडूनच ठरायला हवं. मग पाच मिनिटं माझ्या खोलीत बसू, सगळं लिहून ठेवलंय.”

डॉक्टरांना आवाज कमी करा असं कुणी म्हटलं असतं तर तो आणखी चढला असता. त्यांच्या रागाखाली काय होतं ते या बाईंनी ओळखलं: रुग्णाच्या घरच्यांना तोंड त्यांना द्यायचं होतं, आणि काय बोलायचं ते त्यांना सुचत नव्हतं. त्या अवघड कामात ‘मी सोबत आहे’ असं इन्चार्जने सुचवलं. डॉक्टर शांत झाले असं नाही, पण खोलीत गेले. तिथे इन्चार्जने दुसरी गोष्टही सांगितली, आणि तीही तितक्याच हळू आवाजात: “सर, तिने सांगितलं म्हणून तुम्हाला ४० कळलं. आज सगळ्यांसमोर तिला असं बोललात तर पुढची सांगणार नाही.” नेतृत्वातलं धैर्य कधीकधी एवढ्याच दोन वाक्यांचं असतं, फक्त ती बंद दाराआड आणि योग्य वेळी म्हणावी लागतात.

आजोबांचा मुलगा

व्यवस्थापनातून निरोप आला होता: ‘साखर कमी झाली होती, आता बरी आहे’ एवढंच सांगा. इन्चार्ज आणि कन्सल्टंट दोघांनी मेडिकल सुपरिंटेंडंटना भेटून हे नाकारलं. त्यांचा मुद्दा व्यवहाराचाही होता. आजोबा आयसीयूत का, दर तासाला बोट का टोचता, याचं उत्तर खरं दिल्याशिवाय जुळत नव्हतं.

मुलगा रात्रभर वऱ्हांड्यात चादर टाकून झोपला होता. त्याला खोलीत बसवलं, पाणी दिलं. डॉक्टरांनी सुरुवात केली: “रात्री इन्सुलिन ठरल्यापेक्षा जास्त गेलं. चूक आमच्याकडून झाली.”

“माह्या बाबाले काय देल्लं म्हणता तुमी?”

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, साध्या शब्दांत. मग मुलगा उसळला. “आमाले रातीच काऊन नाही सांगतलं? मी इथंच होतो ना!” त्याने फोन काढला, भावाला लावला, आणि पलीकडून ‘माणसं घेऊन येतो’ असं सगळ्यांना ऐकू येईल इतक्या मोठ्याने आलं.

डॉक्टर आणि रुग्णालयांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड. त्याचा फलक त्या खोलीच्या भिंतीवरच होता. इन्चार्जने त्याकडे बोट दाखवलं नाही. धमकी प्रत्यक्षात उतरली तर तो कायदा हवाच, सिक्युरिटीला त्यांनी नजरेने सूचनाही दिली होती. पण त्या क्षणी समोर बसलेला माणूस गुंड नव्हता. बापाजवळ असूनही आपल्याला कुणी उठवलं नाही या विचाराने तो पोळला होता. त्याच्या प्रश्नात तेच होतं, आणि उत्तर त्या प्रश्नालाच द्यायला हवं होतं.

“भाऊ, रात्री तुम्हाला उठवायला पाहिजे होतं. तुम्ही दाराबाहेर होता आणि आम्ही उठवलं नाही, हे बरोबर झालं नाही. माफी मागते.” मग थांबल्या. तो काही बोलेपर्यंत बोलल्या नाहीत. “आता बाबा बोलतायत. चला, आधी भेटा. मग मी दर दोन तासांनी तुम्हाला स्वतः येऊन शुगर किती आहे ते सांगीन. ११ ला पहिल्यांदा येते.”

११ ला त्या गेल्या. १ ला गेल्या. ३ ची वेळ त्यांची ड्युटी संपायची होती, तेव्हा दुपारच्या सिस्टरला त्या माणसाची ओळख करून देऊन मग घरी गेल्या. भाऊ आला तेव्हा त्याच्यासोबत दोघेच होते, आणि त्यांना शांत करायचं काम मुलानेच केलं. तक्रार मात्र त्यांनी लेखी दिली. ती द्यायचा त्यांना हक्कच होता, आणि इन्चार्जने ती कशी लिहायची, कुणाकडे द्यायची तेही सांगितलं. माफी मागितली की तक्रार टळते अशा हिशेबाने माफी मागायला शिकवणारी प्रशिक्षणं असतात. समोरच्याला तो हिशेब कळतो.

मेमो

मेट्रन मॅडमना धाकटी आणि जुन्या सिस्टर अशा दोघींना मेमो द्यायचे होते. इन्चार्जने मेमोला विरोध केला नाही, मजकुराला केला. नजरचुकीने झालेली चूक, सवयीने पत्करलेली जोखीम आणि जाणूनबुजून केलेली बेपर्वाई या तीन गोष्टींना वेगवेगळी वागणूक द्यावी, ही मांडणी आता रुग्णसुरक्षेत रुळलेली आहे: पहिल्याला आधार, दुसऱ्याला शिकवण, तिसऱ्याला शिक्षा. धाकटीचं पहिल्यात बसत होतं. लाल सिरिंज त्या खणात ठेवणं दुसऱ्यात. पण ओव्हर अर्धवट राहणं, केशरी सिरिंज संपेपर्यंत स्टोअरला न कळणं, ग्लार्जिन आणि साधं इन्सुलिन फ्रिजमध्ये एकाच डब्यात असणं, हे कुणाच्या मेमोत लिहिणार? शेवटी मेमोऐवजी घटना अहवाल झाला. इन्सुलिन देताना दोघींनी वेगवेगळं तपासायचं, व्हायल आणि सिरिंज दोन्ही हातात घेऊन आकडा मोठ्याने म्हणायचा, असं ठरलं. १०० च्या व्हायलला केशरी पट्टी, आणि तिच्यासोबतच केशरी सिरिंजचं पाकीट रबरबँडने बांधलेलं. धाकटीला आठवडाभर एकटीने इन्सुलिन द्यायला बंदी, मग इन्चार्जसमोर पुन्हा परीक्षा. तिला हे थोडं लागलं. लागू द्यावं, जबाबदारी काढून घेतलेली सहानुभूती कुणालाच मोठं करत नाही.

जुन्या सिस्टर

इथपर्यंत हे प्रकरण कौतुकाचं वाटेल. माझ्या मते त्यातला सगळ्यांत शिकण्याजोगा भाग आता येतो, आणि तिथे इन्चार्ज चुकल्या.

त्या दिवशी दुपारी जुन्या सिस्टर ड्युटीवर आल्या. ओव्हरला सगळ्या जमलेल्या. इन्चार्ज सकाळपासून दमलेल्या. त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, “ताई, १०० च्या खणात लाल सिरिंज तुम्ही ठेवल्या ना?” त्यांनी उत्तर दिलं, “मी ओव्हरमध्ये सांगितलं होतं. मागणी लिहिलेली आहे, वही बघा.” इन्चार्ज म्हणाल्या, “वीस वर्षं झाली तुम्हाला.” बस, एवढंच.

त्यानंतर जुन्या सिस्टर कामापुरतंच बोलत. पंधरा दिवसांतच त्यांनी डायलिसिस युनिटला बदली मागून घेतली.

धाकटी रडली, म्हणून सगळ्या वॉर्डाने तिला पोटाशी धरलं. या रडल्या नाहीत. त्यांनी वही पुढे केली, आवाज कोरडा ठेवला, आणि सगळ्यांना तो अहंकार वाटला. वीस वर्षांत ज्यांच्या हातून काही वावगं गेलं नाही, नव्या मुलींना सलाइन लावायला ज्यांनी शिकवलं, त्या बाईला आपल्या हाताने ठेवलेल्या पाकिटामुळे एक माणूस मरता मरता वाचला हे समजतं, तेव्हा तिच्यावर काय गुदरत असेल? अल्बर्ट वू या डॉक्टरांनी २००० मध्ये लिहिलं की उपचारातल्या चुकीचा पहिला बळी रुग्ण असतो आणि दुसरा ती चूक ज्याच्या हातून झाली तो. या प्रकरणात तशा दोघी होत्या. इन्चार्जना एकच दिसली.

दुसऱ्याच्या भावना ओळखण्याबद्दल बोलताना आपण अश्रू, थरथरणारे हात, गप्प बसणं यांचीच उदाहरणं देतो. लाज मात्र बऱ्याचदा ताठ मानेने येते: नियम दाखवते, वही उघडते, ‘मी सांगितलं होतं’ म्हणते. वयाने आणि अनुभवाने मोठ्या माणसांत तर ती हमखास तशीच येते, कारण धाकट्यांसमोर कोसळण्याची मुभा त्यांना नसते. इन्चार्ज आणि जुन्या सिस्टर जवळपास एका वयाच्या. एक इन्चार्ज झाली, दुसरी झाली नाही, हा जुना सलही तिथे होता आणि दोघींना तो ठाऊक होता. सकाळी डॉक्टरांना ‘सगळ्यांसमोर नको’ म्हणणाऱ्या बाईने दुपारी तेच केलं. धाकटीला चहा आणि बंद दार मिळालं, ते त्यांनाही मिळायला हवं होतं. प्रश्नही वेगळा हवा होता: ‘ताई, केशरी संपल्या तेव्हा तुमच्यापुढे काय काय अडचण होती?’ त्यातून स्टोअरच्या संध्याकाळच्या बंद खिडकीची गोष्ट त्याच दिवशी बाहेर आली असती. प्रत्यक्षात ती तीन आठवड्यांनी कळली.

कळली ती इन्चार्ज स्वतः डायलिसिस युनिटच्या दारात जाऊन बोलल्या तेव्हा. “त्या दिवशी मी तुम्हाला पोरींसमोर बोलले. ते चुकलं.” जुन्या सिस्टर बराच वेळ मशीनकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “सातनंतर स्टोअर उघडं नसते ना. आठ-दहा वेळा तरी सांगितलं असंन मी.” वॉर्डात मात्र त्या परतल्या नाहीत. स्टोअरची चावी आता संध्याकाळी सुपरवायझरकडे असते.

इन्चार्जचं स्वतःचं

एका दिवसात या बाईने एका मुलीची भीती, एका डॉक्टरचा राग, एका मुलाचा संताप आणि व्यवस्थापनाची धास्ती, चारही अंगावर घेतली. दुपारच्या ओव्हरमधलं ते एक वाक्य दहा-अकरा तास ताणलेल्या मनातून आलं होतं. अर्ली हॉक्शील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये दाखवून दिलं की चेहरा आणि आवाज सांभाळणं हे नोकरीतलं काम आहे आणि ते माणसाला थकवतं. आपल्या रुग्णालयांत त्या कामाची वेळ रोस्टरमध्ये कुठेच धरलेली नसते. अशा घटनेनंतर इन्चार्जला दुपारी कुणीतरी सोडवायला हवं होतं. मेट्रन मॅडमनी मेमोची फाइल घेऊन येण्याआधी ‘तू जेवलीस का’ एवढं विचारलं असतं तरी चाललं असतं. भावनिक कौशल्य वरून खाली शिकवायचं आणि वरच्यांनी ते वापरायचं नाही, अशाने ते फार दिवस टिकत नाही.

आणि दोन स्टाफमध्ये २४ रुग्ण, हा प्रश्न कुठल्याही समजूतदार बोलण्याने सुटणारा नव्हता. इन्चार्जने घटना अहवालाला मे महिन्यातल्या रात्रींचं कोष्टक जोडलं: नवे रुग्ण किती वाजता आले, तेव्हा ओव्हर चालू होता का, औषधांना किती उशीर झाला. तक्रारीचा सूर न लावता त्यांनी ते कोष्टक कन्सल्टंटच्याच हाती दिलं, आणि व्यवस्थापनाच्या बैठकीत ते त्यांनी मांडलं. तिसरी कायमची स्टाफ मिळाली नाही. उन्हाळ्यापुरती एक सिस्टर रात्री ८ ते १२ मिळाली, आणि ओव्हर चालू असताना नवा रुग्ण तिनेच घ्यायचा असं ठरलं. पावसाळ्यात डेंग्यू आणि स्क्रब टायफसचे रुग्ण वाढतात तेव्हाही ती हवी, म्हणून जूनच्या अखेरीस इन्चार्जने दुसरा अर्ज दिला आहे, नव्या कोष्टकासह.